पिस्तुलामागची सीट

पाठ

तिजोऱ्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला पिस्तुलाचा परवाना मिळाला, तेव्हा त्याच्या बायकोने एकच प्रश्न विचारला.

"ठेवणार कुठे ते?"

"अंगावर."

"ते कळलं हो. अंगावर कुठे?"

प्रश्न रास्त होता. हत्यार कुणाला दिसता कामा नये आणि ते सोडून कुठे जाताही कामा नये, असं परवान्यात बजावलेलं. म्हणजे मोटरसायकलच्या डिकीत चालणार नाही, अवजारांच्या पिशवीत चालणार नाही. अंगावर, आणि झाकून.

पिस्तूल घेण्याचं कारण फालतू नव्हतं. त्याच धंद्यातल्या एका माणसाला चोरांनी भर दुपारी रस्त्यावरून उचललं होतं. त्याच्याकडून एक तिजोरी उघडून घेतली आणि संध्याकाळी त्याला घराच्या कोपऱ्यावर आणून सोडलं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. उलट चहा पाजला म्हणे. पण तेव्हापासून त्या माणसाने डायलला हात लावला की हात थरथरायला लागतो. थरथरत्या हाताचा तिजोरीवाला म्हणजे तोतरा वकील. आपल्या माणसाला मरणाची फारशी भीती नव्हती. हातांची होती.

हात त्याचे, कान मात्र बायकोचा. डायल तो फिरवायचा आणि ती तिजोरीच्या दाराला कान लावून, श्वास रोखून बसायची. आतली चकती खाचेत पडली की ती करंगळी उचलायची. त्यामुळे प्रत्येक कामाला दोघं एकाच मोटरसायकलवरून जात. पुढे तो, मागे ती, तिच्या मांडीवर अवजारांची पिशवी आणि तिचा उजवा हात त्याच्या कमरेवर. त्या हातात प्रेमबिम शोधायला जाऊ नये; पिशवी जड होती, रस्ते खराब होते. पण लग्नापासून तो हात तिथेच होता, आणि तो नसता तर आपल्याला गाडी चालवता आली असती का, असा विचार त्याने कधी केला नव्हता. कमरपट्ट्याबद्दल कोण विचार करतं?

नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी जागा सुचवली. "पाठीमागे, पट्ट्यात, बरोब्बर मणक्यावर. वरून शर्ट सोडायचा. सख्ख्या भावाला कळणार नाही."

पहिल्या दिवशी तो एकटाच सुटे भाग आणायला गेला आणि खूश होऊन परतला.

"लोक सुधारले बघ," तो बायकोला म्हणाला. "आज कुणी हॉर्न दिला नाही. मागचे सगळे अंतर ठेवून. चौकात तर ट्रकवाला थांबला, म्हणाला, तुम्ही आधी, साहेब."

बायकोने त्याला खांद्याला धरून उलटं फिरवलं. वाऱ्याने शर्ट पार वर जाऊन मानेखाली गोळा झाला होता.

"सख्ख्या भावाचं माहीत नाही," ती म्हणाली, "पण सगळ्या गावाला कळलंय."

झाकण

उपाय सोपा निघाला. ती मागे बसली की शर्ट उडत नाही.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी ती गाडीजवळ उभी राहिली आणि बसेना.

"आज काम कुठेय?"

"काम नाही. केस कापायला चाललोय."

"मग मी कशाला?"

त्याने मागून शर्ट खाली ओढला.

"अहो, मी कशाला येऊ तुमचे केस कापायला?"

"तसं नाही गं. तू मागे असलीस की बरं पडतं."

"मी काय पातेल्यावरचं झाकण आहे?"

असं तो मुळीच म्हणाला नव्हता. पण नाही असंही त्याला लगेच म्हणता आलं नाही, आणि तेवढा वेळ तिला पुरला.

पोट

पोटाशी खोचलं, तर टाकीवर वाकलं की नळी नको तिकडे बघायची. प्रत्येक गतिरोधकावर तो देवाचं नाव घेऊ लागला.

"पोरगी झालीय म्हणून चालतंय," बायको म्हणाली.

घोटा

डाव्या घोट्याला बांधलं तर गिअर पडेना. अख्खी दुपार तो दुसऱ्या गिअरमध्ये फिरला. उजव्या घोट्याला बांधलं तर सायलेन्सरच्या धगीने पिस्तूल तापलं. तापलेल्या पिस्तुलाबद्दल उस्तादांनी काहीच शिकवलं नव्हतं. त्याने रस्त्याकडेला पाय लांब करून बसून ते निवू दिलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं, "मुरगळला का हो?" तो म्हणाला, "हो, हो."

काख

काखेत कळसा, गावाला वळसा. पिस्तूल हरवलं म्हणून त्याने सगळं घर उलथंपालथं केलं. गादी उचलली, पिठाचा डबा धुंडाळला, बायकोवर ओरडला. ती म्हणाली, "हात वर करा." त्याने केला.

पाठ, पुन्हा

म्हणून पिस्तूल परत मणक्यावर आलं. ती मागे बसू लागली, पण कामापुरतीच. आणि तिचा हात गेला.

हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. एका वळणावर गाडी जरा हलकी वाटली. आरशात पाहिलं, तर तिने उजव्या हाताने सीटमागची दांडी धरली होती. एखाद्या परक्याने आडवाटेला लिफ्ट घेतल्यावर धरावी तशी.

"हात का काढलास?"

"कुठला?"

"कमरेवरचा."

"तिथे जागा नाहीये. तुमचं ते आहे."

"ते मधोमध आहे. तू बाजूला धरायचीस."

"तुम्ही पुढे बघा. म्हैस आहे."

म्हैस खरंच होती. विषय तिथेच राहिला.

त्याने घरी एक लहान तिजोरी बसवली. पिस्तूल आत ठेवताना तो तिच्याकडे पाठ करून आकडे फिरवायचा. लग्नापासून तिच्यापासून लपवलेला हा पहिला आकडा.

"तिसरी चकती अडकतेय," स्वयंपाकघरातून ती म्हणाली. "तेल घाला."

बरगडी (तिची)

पडण्याची काही मोठी गोष्ट नाही. कापडाच्या गिरणीच्या फाटकाशी वाळू सांडलेली होती, गाडी जवळजवळ थांबलीच होती आणि ती आडवी झाली. वेग नाही, आवाज नाही. कोणी हसलंसुद्धा नाही. फक्त गाडी आडवी होताना बायको पुढे घसरून त्याच्या पाठीवर आली, आणि त्याच्या पाठीच्या व तिच्या बरगडीच्या मध्ये पिस्तूल होतं. उडालं नाही. उडालं असतं तर ही गोष्ट आणखी लहान झाली असती.

दवाखान्याच्या दारात त्याने रखवालदाराच्या कानाशी लागून सांगितलं, "माझ्याकडे हत्यार आहे." नियमाप्रमाणे सांगायला हवं होतं. रखवालदाराने दोन्ही हात वर केले. परवाना दाखवून ते खाली आणवण्यात बराच वेळ गेला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसवलं. पडद्याआडून त्याला सगळं ऐकू येत होतं.

"कशाने लागलं?"

"नवऱ्याच्या पाठीने."

"ताई, पाठीला अशी नक्षी नसते." बाईंचा आवाज खाली आला. "घाबरू नका. घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी ठीक आहे. गाडीवर नाही."

मग त्याला आत बोलावलं. बायकोच्या बरगडीखाली काळानिळा चट्टा होता आणि त्यात बारीक बारीक खवले उठले होते. एकाशेजारी एक, शिस्तीत. ते खवले त्याने रोज पुसले होते. पिस्तुलाच्या मुठीवरचे होते ते. इतक्या दिवसांत त्याने ते कुठे कुठे लपवलं, आणि शेवटी ते छापून आलं ते तिच्या अंगावर.

"हे कशाचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

त्याने पाठ फिरवली आणि शर्ट वर केला.

बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "जुळतंय," त्या म्हणाल्या, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "बरगडीला चीर आहे. जोरात हसायचं नाही. श्वास रोखायचा नाही."

"हसण्याची काळजी नको," बायको म्हणाली. "श्वासाचं अवघड आहे."

कान

श्वास रोखल्याशिवाय तिला चकती ऐकू येत नसे. तो एकटा कामाला गेला.

औषधांच्या गोदामात जुनी, हट्टी तिजोरी होती. गोदामाचा मालक खुर्ची टाकून समोरच बसला. आपल्या माणसाने डायल फिरवला. हात अजिबात थरथरत नव्हते. इतके स्थिर हात त्याचे तरुणपणीही नव्हते. त्याने दाराला कान लावला. लोखंड गार होतं. आत काहीच घडत नव्हतं. किंवा घडत असेल, पण त्याला कोण सांगणार? त्याने करंगळीसाठी बाजूला पाहिलं. तिथे बरण्यांची खोकी होती.

"काय म्हणतेय?" मालकाने विचारलं.

"माझ्याशी बोलत नाहीये," तो म्हणाला.

मालकाने शेवटी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं. घरी जाताना सबंध रस्ता त्याला कुणी हॉर्न दिला नाही.

पोलीस ठाणं

बरगडी बरी होत आल्यावर दोघं ठाण्यात गेली. तिथवर ती रिक्षाने आली, तो मोटरसायकलवरून. हवालदाराने पिस्तूल तपासलं, पावती फाडली.

"परत कधी नेणार?"

"हिला विचारून सांगतो."

हवालदाराने तिच्याकडे पाहिलं. मग पिस्तूल उचलून कपाटातल्या अगदी मागच्या कप्प्यात ठेवलं.

बाहेर गाडीजवळ आल्यावर ती म्हणाली, "थांबा. हात वर."

"अगं, इथे? ठाण्यासमोर?"

"वर."

त्याने हात वर केले. तिने पाठ चाचपली, मणका वरपासून खालपर्यंत. पोट चाचपलं. दोन्ही काखांत बोटं घातली. त्याला गुदगुल्या झाल्या, पण तो हसला नाही. पायरीवर उभे असलेले दोन शिपाई चहाचे पेले हातात तसेच धरून बघत होते.

"घोटे."

त्याने पॅन्ट वर केली. एक, मग दुसरा.

"ताई," एक शिपाई म्हणाला, "आमच्याकडे या की नोकरीला."

"पाहू," ती म्हणाली. मग ती मागे बसली आणि गाडीला अडकवलेली पिशवी मांडीवर घेतली.

त्याने किल्ली फिरवली, पण गाडी सुरू केली नाही. रस्त्याकडे बघत म्हणाला, "आणि मला कुणी उचलून नेलं तर?"

ही त्याची खरी भीती होती. पिस्तूल कपाटात गेलं होतं, भीती मात्र त्याच्याबरोबर बाहेर आली होती.

"मी मागे असेन ना," ती म्हणाली. "दोघांना उचलावं लागेल. वर ही पिशवी. दमतील मेले."

"आणि चहा दिला तर?"

"बिनसाखरेचा सांगा. तुम्हाला गोड चालत नाही."

त्याने गाडी सुरू केली. तिचा हात दांडीवरून निघाला, हवेत जरासा थांबला आणि उजव्या बाजूने त्याच्या कमरेवर येऊन बसला. बरगडी अजून दुखत होती, त्यामुळे तिने फार घट्ट धरलं नाही. त्याने पहिला गिअर टाकला.