ट्रॉलीवाल्याचा पलंग

आमच्यात नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. मीही एरवी ‘आमचे हे’ म्हणते, पण राग आला की सरळ दत्ता म्हणते. पलंगाच्या या गोष्टीत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत दत्ताच आहे.

यवतच्या पुढे हायवेला एक फर्निचरचं दुकान आहे. तिथे मी तो पलंग पाहिला होता. पांढरा, लोखंडी, चांगला उंच. वर झोपायचं, खाली अभ्यासाचं टेबल, चढायला बाजूनं शिडी. खोक्यात सुटा येतो, घरी आणून नटबोल्टनं जोडायचा. दत्तानं दुकानात त्याचा पाय धरून हलवला आणि तोंड वाकडं केलं. हा पाइप आहे की पेनाची नळी, म्हणाला. मी त्याच्या कानीकपाळी ओरडले की घे, जगभर लोक घेतात. पण गडी ऐकेल तर शपथ.

पलंग हवा होता सृष्टीसाठी. सृष्टी ही दत्ताच्या पहिल्या बायकोची, ललिताची मुलगी. ललिता आजारपणात गेली तेव्हा पोरगी पाच वर्षांची होती. तेव्हापासून ती कासुर्डीला आजोळीच राहते. आता दहाची झाली. गेल्या वर्षी मी लग्न होऊन खुटबावला आले. मी कोरेगाव भीमाची, लग्नाआधी तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगला होते. मी आल्यापासून दर शनिवारी दत्ता सृष्टीला घेऊन येतो आणि रविवारी दिवस कलला की तिचे आजोबा, पोपटराव, मोटारसायकलवर तिला न्यायला येतात.

ती माझ्याशी वाईट वागते असं अजिबात नाही. विचारलं की उत्तर देते, जेवण झालं की ताट उचलते, मला तुम्ही म्हणते. हाक मात्र मारत नाही. काही हवं असलं तर येऊन समोर उभी राहते आणि मी बघेपर्यंत थांबते. सावत्र आईनं किती जवळ जावं आणि किती लांब राहावं, हे कुणी शिकवत नाही. म्हणून मी आपली लांबच राहत होते.

जूनमध्ये तिला आमच्या गावच्या शाळेत घालावं, कायमची घरी आणावी, असं आम्हा दोघांच्या मनात होतं. पोपटरावांनी एकच सांगितलं होतं की पोरगी आपल्या तोंडानं हो म्हणाली तर पाठवीन, ओढून न्यायची नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं. आई गेलेल्या लेकराला त्यांनी आणि आजीनं तळहातावर जपलं होतं.

मग एका रविवारी सृष्टी मोबाइल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. त्यात असल्या पलंगाचं चित्र होतं. असं खरंच मिळतं का, एवढंच तिनं विचारलं. वर्षभरात तिनं स्वतःहून माझ्याकडे केलेली ती पहिली चौकशी. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे मधली खोली तिची करून टाकली. खताच्या गोण्या बाहेर काढल्या, भिंतींना रंग दिला. मुलीला स्वतःची जागा हवी आहे, आपल्यापासून वेगळी, तर आपण ती देऊ, असं मी मनाशी पक्कं केलं. थोडं लागलं मनाला, नाही असं नाही.

दत्तानं पलंगाचं काम मारुतरावांना दिलं. मारुतराव म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे, आमच्या भागातले नावाजलेले ट्रॉलीवाले. त्यांच्या ट्रॉलीत कितीही ऊस भरा, ती कुरकुरत नाही. त्यांनी येऊन खोली मोजली, मोबाइलमधलं चित्र बघितलं आणि वेल्डिंग मारून पक्का करतो म्हणाले. नटबोल्ट कशाला, ते ढिले होतात. पोर मोठी होणार, म्हणून रुंदीही जरा जास्त धरली.

शनिवारी सकाळी पलंग आला, अर्थात ट्रॉलीतूनच. काय दणकट केला होता. उद्या त्याला चाकं लावली असती तर कारखान्याला ऊस घेऊन गेला असता. सासूबाईंनी त्याच्या चारी पायांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, प्रसाद वाटला. मग चौघांनी तो उचलून दाराशी नेला आणि तिथेच उभे राहिले.

पलंग दारातून जाईना. आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला, पायांकडून घालून पाहिला. पाय, शिडी, आडवे पाइप, सगळं एकमेकांना जाम जोडलेलं. मारुतराव कपाळावरचा घाम पुसत दाराकडे असे बघत होते, जणू दार त्यांनी आजच पाहिलं. आणि तसंच असणार. त्यांनी आयुष्यभर ट्रॉल्या केल्या, नांगर केले, गोठ्यांची शेडं केली. त्यांच्या हातच्या कुठल्या वस्तूला कधी दारातून आत जावंच लागलं नव्हतं. खोली सगळ्यांनी मोजली. दार मोजायचं एकालाही सुचलं नाही. मलाही नाही, पण ते मी तेव्हा बोलले नाही. तेव्हा मी दत्ताला जे बोलले ते सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पलंग कापून आत न्यायचा आणि परत जोडायचा, एवढाच उपाय होता. पण मारुतरावांचं वेल्डिंगचं मशिन थ्री फेजवर, म्हणजे शेतपंपाच्या विजेवर चालतं आणि त्या आठवड्यात थ्री फेज दिवसा नव्हती; रविवारी दुपारनंतर मिळणार होती. म्हणजे सृष्टी येणार तेव्हा पलंग अंगणात. खोली रिकामी. मला रडू यायचंच बाकी होतं. इतक्या दिवसांची तयारी आणि पोरीनं बघायचं काय, तर आमच्या शेतातल्या शेवंतीच्या क्रेटशेजारी उन्हात उभा असलेला लोखंडी सांगाडा.

सृष्टी आली, तिनं पलंगाला एक फेरी मारली आणि कुणाला न विचारता शिडीनं वर गेली. वरून तिला शेवंतीचा प्लॉट दिसत होता, रस्ता दिसत होता. जेवायला हाक मारली तर तिथेच द्या म्हणाली. सासूबाईंनी पाखरं राखायला माळ्यावर बसलीस का गं म्हणून चिडवलं, तशी ती चक्क हसली. मी ताट वर दिलं. तिनं ते वाकून घेतलं.

रविवारी पोपटराव नेहमीपेक्षा लवकर आले. तोवर शेतातल्या मोटारीच्या पेटीवरून केबल ओढून झाली होती, ग्राइंडरनं पाय सुटे केले होते आणि सगळे भाग मधल्या खोलीत गेले होते. आता जोडणी. वरची चौकट दत्तानं आणि मी पेलून धरली, पण पाय धरायला माणूस कमी पडत होता. पोपटरावांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि ते पाय धरून बसले. ठिणग्या उडाल्या की ते डोळे मिटून तोंड फिरवायचे, हात मात्र हलू द्यायचे नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना. हा पलंग उभा राहिला तर त्यांचं घर रिकामं होणार होतं आणि त्याचा पाय तेच धरून बसले होते.

चारही पाय जोडून झाले. मारुतराव मशिन बंद करायला निघाले, तर पोपटरावांनी एक पाय हलवून पाहिला.

“ह्यो अजून हालतोय, मारुतराव,” ते म्हणाले. “नीट पक्का करा. माझी नात झोपणार हाय ह्याच्यावर.”

सृष्टी उंबऱ्यात उभी होती. तिनं ते ऐकलं.

पाय पुन्हा जोडला गेला. मारुतराव गेले. पोपटराव हात धुऊन, चहा पिऊन गाडीपाशी गेले. आजची रात राहा, पलंग निवला की झोपून बघ, नाही जमलं तर फोन कर, मी येतो, असं त्यांनी सृष्टीला सांगितलं. सृष्टी वळली. नेहमीसारखी येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“खाली कोण झोपणार?” तिनं विचारलं.

मी म्हणाले, खाली तुझं टेबल येणार, अभ्यासाचं.

“टेबल नको. तिकडं आज्जी माझ्या शेजारी झोपती, शनिवारी हितली आज्जी. मी एकटी कवाच झोपले न्हाई.” मग जरा थांबून म्हणाली, “तुम्ही झोपाल का खाली?”

वर्षभर मी हिच्यासाठी लांबची जागा शोधत होते आणि ही मला जवळ बोलवायचं कसं, या विचारात होती. पार येडी मी.

“झोपीन की,” मी म्हणाले.

“रोज?”

दत्ता दाराशी केबल गुंडाळत होता, त्याचे हात थांबले. रोज म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

“रोज,” मी म्हणाले.

पोपटराव गाडीवर बसले होते. त्यांनी टोपी डोक्यावर नीट केली, पुन्हा एकदा नीट केली.

“आज्जीला काय सांगू गं?” त्यांनी विचारलं.

सृष्टी त्यांच्याजवळ गेली. गाडीच्या हँडलवर तिनं हात ठेवला.

“सांगा, मी हितं एकटी न्हाई.”

ते बरं म्हणाले आणि त्यांनी गाडी चालू केली. गाडी रस्त्याला लागेपर्यंत सृष्टी बघत उभी राहिली. मी माझी गादी आणायला आत गेले.