पाय कुणाच्या घरचा?

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजात हंबीररावांचा सगळाच फायदा होता. दवाखाना व्याह्यांचा, डिंकाचे लाडू व्याह्यांचे, जागरणंही व्याह्यांचीच. आणि शेवटी टोपडं घातलेला नातू वाळव्याच्या घरी आयता पोचणार! हंबीरराव उसाचे बागायतदार. कारखान्याच्या काट्यावर एक मोळी कमी भरली तरी भांडणारा माणूस. त्यामुळं असा एकतर्फी व्यवहार त्यांना मनापासून आवडे.

व्याही कोंडीबा माणदेशातले, दहिवडीजवळचे. त्यांची लेक शिवांजली सुखरूप बाळंत झाली, बाळही गुटगुटीत. आणि आठवड्याभरात तिचा डावा पाय सुजला. उजवा होता तसाच. डावा मात्र मांडीपासून घोट्यापर्यंत भरला, तकतकीत झाला, निळसर दिसू लागला.

"बाळंतवात हाय," मालिशवाली रंगुबाई म्हणाली. "चोळून काढते. उतरंल."

रोज आंघोळीआधी ती पाय कोमट तेलानं रगडायची आणि शिवांजली ओठ चावून भिंतीकडं बघायची.

गावातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "मिरजेला न्या." पण दिलेली लेक! सासरच्यांना न विचारता नेली आणि काही विपरीत घडलं तर? शेवटी कोंडीबांनी एसटीडी बूथवरून वाळव्याला फोन लावला.

"पावणं, पोरीचा पाय लय सुजलाय. मिरजेला न्यावं म्हणतोय."

"न्या की! आमी कवा न्हाई म्हणलं?" हंबीरराव म्हणाले. "पर बाळंतपण तुमच्याकडचं, तवा पाय बी तुमच्याकडचाच. आमी धाडली तवा दोन्ही पाय सारखं हुतं."

"आवं, पर ऑपरेशन म्हणलं तर सही कुणाची?"

"मग यशराजला इचारून कळवतो."

यशराज म्हणजे हंबीररावांचा मुलगा, शिवांजलीचा नवरा. फौजेत, पठाणकोटला. त्याला पत्र जाणार, त्याचं उत्तर येणार. तोवर पाय थांबेल, असं दोन्ही घरांनी धरून चाललं.

वाचकहो, यात दुष्ट कुणीच नव्हतं. एक घर म्हणत होतं सून तुमच्याकडं आहे, दुसरं म्हणत होतं लेक तुमची झाली. आपल्याकडं बाईचं दुखणं असं दोन उंबऱ्यांच्या मध्येच पडून राहतं.

एका सकाळी रंगुबाईनं पोटरी दाबली आणि शिवांजली ताडकन उठून बसली.

"आई... दम लागतोय!"

छातीत कळ, कपाळावर घाम. शेजारी बाळ रडत होतं आणि तिला त्याच्याकडं हातही करता येईना. कोंडीबांनी मग कुणाची परवानगी मागितली नाही. जीप केली आणि मिरज गाठली. निरोप मिळताच हंबीरराव आणि त्यांची बायको बनुबाईही वाळव्याहून आले.

डॉक्टर नीलिमा तपासणी करून बाहेर आल्या.

"पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेलाय. लहान होता म्हणून ही अजून बोलतेय. पाय चोळत होता का?"

"व्हय, रोज तेलानं," कोंडीबा म्हणाले.

"अहो, तो पाय चोळणं म्हणजे गुठळीला पुढं ढकलणं!"

"पर डावाच का सुजला?" हंबीररावांनी विचारलं.

"उजव्या पायाकडं जाणारी धमनी ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून जाते. हिची शीर त्या धमनीखाली मणक्यावर चेपलीय. पाइपावर बैलगाडीचं चाक उभं राहिलं की पाणी मागं तुंबतं ना, तसं. त्यात पोटात बाळ, वर अंथरुणात पडून राहणं."

"म्हंजे मुळातलाच दोष!" हंबीरराव व्याह्यांकडं वळले. "पावणं, हे सांगितलं न्हवतं तुमी."

"आमास्नी तरी कुठं ठावं हुतं? आन दोन वरसं तर तुमच्याकडंच नांदत हुती की!"

"थांबा!" डॉक्टर कडाडल्या. "तुमचा वाद मिटेपर्यंत गुठळी वाट बघत बसणार नाही. शीर चेपणं हा दोष कुणाच्या घराचा नसतो. कितीतरी जणांना ते असतं आणि जन्मभर काही होतही नाही. मला एवढंच सांगा, बाळंतपणाआधी पाय सुजायचा का?"

मागून बनुबाईंचा आवाज आला, बारीक.

"सुजायचा. दिस मावळला की म्हणायची, आत्याबाई, डावा पाय जड झालाय, उभं ऱ्हावंना. मी म्हणायची, भाकरी थापायच्या येळंलाच बरा दुखतो गं तुझा पाय!" त्यांनी पदर तोंडाला लावला. "डॉक्टरीणबाई, सहीच्या कागदावर माझा अंगठा चालंल न्हवं?"

"अगं, सही मी करतो की," हंबीरराव पुटपुटले.

"तुमी यशराजच्या पत्राची वाट बघा!"

हंबीररावांनी पेन घेतलं आणि बायकोच्या अंगठ्याशेजारी सही केली. मग तेच पेन कोंडीबांच्या हातात दिलं. "पावणं, तुमी बी करा. पोर दोघांची हाय."

आधी रक्त पातळ करणारी इंजेक्शनं झाली. शिवांजलीचा श्वास वर झाला की बाहेर बसलेल्या तिघांचाही व्हायचा. धोका ओसरल्यावर पुण्याहून तज्ज्ञ आले. पोट फाडलं नाही. गुडघ्यामागं सुईएवढं भोक, त्यातून बारीक नळी; गुठळी काढली, चेपलेली शीर फुग्यानं रुंद केली आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून आत तारेच्या जाळीची नळी बसवली. दुसऱ्या दिवशी शिवांजली उठून बसली आणि पहिल्यांदा बाळ मागितलं. बनुबाईंनी ते तिच्या मांडीवर ठेवलं, उजव्या.

"आत्याबाई, डावी बी चालती आता."

"गप गं! तू म्हणशील तवाच चालंल म्हणायचं. आता तुझंच ऐकायचं ठरवलंय मी."

तेव्हा मंडळी, एकच पाय अचानक सुजला, जड झाला, रंग पालटला, तर तो चोळू नका आणि कुणाच्या पत्राची वाट बघू नका. त्यात दम लागला तर चहा पिण्याइतकाही वेळ दवडू नका! आणि घरातली बाई दुखतंय म्हणाली, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा. ती कुणाच्या घरची, हे ती बरी झाल्यावर ठरवा.

आता कुणी काय भरलं ते. दवाखान्याचं बिल दोन्ही घरांनी निम्मं निम्मं भरलं. रंगुबाईचं तेल वाया गेलं. गुठळीनं शिरेतल्या झडपा मात्र आधीच खराब केल्या होत्या. शिवांजली अजूनही पायात घट्ट मोजा घालते आणि संध्याकाळी पाय उशीवर ठेवून बसते. उशीर दोन्ही घरांनी केला; तो फेडतेय ती एकटीच.