तीन इकडे, तीन तिकडे

थोरल्याने काचेची बरणी काउंटरवर ठेवली आणि झाकण काढलं. आत तीन कॅटफिश होते, अंगठ्याएवढे, तपकिरी ठिपक्यांचे. दुकानापर्यंत हिंदकळत आले तरी त्यांचं काही बिघडलं नव्हतं. तळाशी बसून ते मिशांनी काच चाचपत होते.

"अंडीच घालत नाहीत," तो म्हणाला. "खाणं चांगलं, पाणी चांगलं. दोन नर आहेत, एक मादी. तरी काही नाही."

मत्स्यालयाच्या दुकानातल्या बाईंनी हातातली जाळी बाजूला ठेवली.

"नर कुठले?"

"हे दोघे. मिशा बघा ना केवढ्या आहेत."

बाईंनी आधी त्याच्या मिशांकडे पाहिलं, मग माशांच्या.

"भाऊ, यांच्यात बायकांनाही मिशा असतात." त्यांनी बरणी उचलून खाली स्टुलावर ठेवली. "समोरून नाही कळत. वरून बघा. मादी पोटाशी रुंद असते, गोल. नर अंगाने सडपातळ. आता सांगा."

थोरला वाकला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. गावाला अक्षरं वाचायला लावणारा माणूस, पण आपल्या टाकीत वरून डोकवावं हे त्याला कधी सुचलं नव्हतं. तिन्ही मासे सारखेच सडपातळ होते.

"तिन्ही नर," बाई म्हणाल्या. "जन्मभर खाऊ घाला, अंडी कुठून येणार? परवाही एकजण आले होते, अशीच बरणी घेऊन. त्यांच्या तिन्ही माद्या. तेही ऐकून घेईनात. नाक मात्र अगदी तुमच्यासारखं होतं."

थोरल्याने झाकण लावलं. ते नाक कुणाचं, हे विचारायची गरजच नव्हती.

दोघा भावांचं भांडण जमिनीवरून झालं नव्हतं की पैशावरून. टाकीचं पाणी बदलायची पाळी कुणाची, एवढ्यावरून ते सुरू झालं आणि शब्दाने शब्द वाढत 'तू लहानपणापासून असाच' इथपर्यंत पोचलं. तिथून माघारी कसं फिरायचं, ते दोघांनाही कळेना. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या लोकांना बाहेर काढणारा हा माणूस स्वतःच्या रागात असा अडकला की बायकोला घेऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेला. मासे सहा होते. त्यांच्यावरूनही दोघे तोंड उघडणार, तेवढ्यात आई चहाची गाळणी घेऊन आली.

"मी वाटते," ती म्हणाली. टाकीत वरून एकदा नजर टाकून तिने तीन धाकट्याच्या बरणीत काढले, तीन थोरल्याच्या टाकीत राहू दिले.

घरी आल्या आल्या थोरल्याने तिला गाठलं. आई खिडकीशी बसली होती. जन्मभर तिने लोकांचे कपडे शिवले होते, आणि समोरून जाणाऱ्या माणसाला किती कापड लागेल हे ती अजूनही सांगायची, बहुधा त्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"आई, मासे वाटताना तू काही बघितलं होतंस?"

"मला काय कळतंय माशांतलं? हाताला लागले ते दिले." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "हा बघ, पुन्हा सुटलाय. मागच्या मापाचा सदरा आता याच्या पोटावर बसायचा नाही."

पाणी कुठे मुरतंय, याचा थोरल्याला अंदाज आला. पण आईला बोलतं करणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. तो तसाच बरणी घेऊन उलट पावली निघाला. धाकट्याच्या जिन्याशी मात्र त्याचे पाय अडले. आधी आपण का जायचं? पण खरं सांगायचं तर त्याला धाकट्याची फार आठवण येत होती. माशांच्या निमित्ताने गेलं तर ते जाणं तरी कमी लाजिरवाणं होईल, असं मनाशी म्हणत तो वर चढला.

दार धाकट्यानेच उघडलं. त्याने बरणीकडे पाहिलं.

"नर?"

"तुला कसं कळलं?"

"दुकानातल्या बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, तुमचं नाक येऊन गेलं."

थोरल्याला हसू आवरेना. धाकटा आधी उगाच गंभीर राहिला, मग तोही हसला.

"टाकी मोठी तुझी आहे," धाकटा म्हणाला. "तिकडेच सोडू सगळे. बाई म्हणाल्या, निम्मं पाणी बदलून थोडं गार घाला, मग घालतात अंडी."

त्या संध्याकाळी पाण्याची बादली कुणी उचलायची यावरून दोघांत पुन्हा जुंपली. आता दोघांनाही ती उचलायची होती.

काचेवर साबुदाण्याएवढी अंडी चिकटली, पिल्लं निघाली, वाढली. धाकटा रोज कामावरून परस्पर इकडे यायचा. पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली तेव्हा तो टाकीशी उभा राहून, थोरल्याकडे न बघता म्हणाला, "आता माझे मी घेऊन जातो. तुलाही किती दिवस त्रास."

थोरल्याच्या लगेच मनात आलं, मासे गेले की याचं रोजचं येणंही गेलं.

"पिल्लांचं काय?"

"निम्मी निम्मी."

"अशी कशी? नर किती, माद्या किती, बघायला नको? पुन्हा तोच घोळ व्हायचा."

"मग बघ की."

"एवढ्या लहानपणी कळतं का कुणाला?" थोरला घाईघाईने म्हणाला. "वर्ष तरी जाऊ दे."

धाकट्याने मान डोलावली, जरा जास्तच लगेच.

तेवढ्यात आई येऊन टाकीवर वाकली. तिचं बोट पाण्यावरून एकेका पिल्लावर फिरू लागलं. इकडे, तिकडे, तिकडे, इकडे. ते कुठेही अडखळत नव्हतं. मग दोघेही आपल्याकडे बघताहेत हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने हात मागे घेतला.

"छे," ती म्हणाली. "काही कळत नाही बाई. वर्ष तर लागेलच."

धाकट्याने बाही वर सारली आणि बादली उचलली.

"दोन वर्षं धरा," तो म्हणाला.