कंडक्टर मावशींचे हात

गुंडाळलेला टॉवेल मावशींनी छातीशी धरला आणि थोपटायला सुरुवात केली, तोच सिस्टरांनी टाळी वाजवून सगळं थांबवलं.

"मावशी, बाळ कुणाचं आहे?"

"या शिंपीणबाईचं."

"मग ते तुमच्या खांद्यावर कसं आलं?"

खोलीत खसखस पिकली. समोरच्या खुर्चीवर आई बनून बसलेली शिंपीण आपल्या रिकाम्या हातांकडे बघत म्हणाली, "मला तर कळलंच नाही हो. गर्दीत पाकीट जावं तसं गेलं."

मावशींनी टॉवेल परत केला. दवाखान्यामागच्या त्या लांबट खोलीत वस्तीतल्या काही बायका आणि दोन पुरुष रोज दुपारी जमत होते. ज्यांच्या घरात तान्ही किंवा रांगती मुलं आहेत, त्यांच्याकडे जाऊन त्या आईबापांना आधार द्यायचा, यासाठी सिस्टर त्यांना तयार करत होत्या. नियम फार नव्हते. जाऊन बसायचं. बघायचं. आईने किंवा बापाने जे बरं केलं असेल, ते जसं दिसलं तसं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. आणि बाळाला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम सिस्टरांनी बाकीच्यांना एकदाच सांगितला होता. मावशींना त्या रोज सांगत होत्या.

मावशींची सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेली होती. त्यांच्या बसमध्ये मूल रडायला लागलं की ड्रायव्हर मागे वळूनसुद्धा बघत नसे. मावशी गर्दीतून वाट काढत जायच्या, हातातला तिकिटं टोचायचा चिमटा पोराच्या कानाशी कट् कट् वाजवायच्या, जीभ टाळूला लावून एक चमत्कारिक आवाज काढायच्या, आणि पोर गप्प. त्या रस्त्यावरच्या कितीतरी मिशा फुटलेल्या बाप्यांना त्यांनी कधी ना कधी असं गप्प केलेलं होतं. त्यामुळे निवृत्तीनंतर हे काम निघालं तेव्हा सगळ्या वस्तीने त्यांचंच नाव पुढे केलं, आणि शिकायचं म्हणजे नुसता उपचार असणार, असं त्यांनीही धरून चाललं.

पहिल्या खऱ्या घरी सिस्टर त्यांच्याबरोबर आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. बायको बाळंतपणानंतर खूप आजारी पडली होती. ती दवाखान्यात असताना बाळ नवऱ्याच्या बहिणीकडे वाढलं. आता ती बरी होऊन घरी आली होती, बाळही आणलं होतं, पण ते तिला ओळख देत नव्हतं. घेतलं की अंग ताठ करायचं, तोंड फिरवायचं. नणंद वाईट नव्हती. तिने निरोप पाठवला होता, जमत नसेल तर दोन आठवड्यांनी रविवारी येऊन परत घेऊन जाते, शाळेच्या वयापर्यंत माझ्याकडे राहू दे. त्यावर आईने अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

हे सगळं ती सिस्टरांना भिंतीकडे बघत सांगत होती, आणि बाळ जमिनीवर पालथं पडून किंचाळत होतं. मावशी ऐकत होत्या. थोडा वेळ ऐकलंही त्यांनी. मग त्यांचा हात पिशवीत गेला. जुना चिमटा अजून तिथेच असायचा. कट् कट्. जिभेचा तो आवाज. बाळाने मान उचलली, बघितलं, आणि सगळं अंग हलवत खदखदून हसलं. मावशींनी त्याला उचलून मांडीवर घेतलं, तर ते त्यांच्या चष्म्यालाच लोंबकळलं.

मावशींना वाटलं, फत्ते झाली.

आई कोपऱ्यात उभी होती. ती हळूच म्हणाली, "माझ्याकडे असा कधीच हसला नाही. वन्सं म्हणतात ते खरंच असेल मग."

जिन्यात सिस्टर खालच्या वळणावर थांबल्या.

"ती बाळाकडे बघत नव्हती, मावशी. तुमच्याकडे बघत होती."

"पोर रडत होतं, सिस्टर. दगड होऊन बसू का मी?"

"आत्तापर्यंत तिला वाटत होतं, पोरच तसं आहे, कुणाकडे जात नाही. आता तिने डोळ्यांनी पाहिलं की ते दारात आलेल्या कुणाहीकडे जातं. फक्त तिच्याकडे नाही." सिस्टर चालू लागल्या. "आपण निघून आलो. ते दोघं आहेत वर."

मावशींनी कठडा धरला. वरून बाळाचं रडणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू येत होतं. कुणी त्याच्याशी बोलत असल्याचा आवाज मात्र येत नव्हता. त्यांनी चिमटा पिशवीतून काढला आणि घरी जाऊन तो कपाटाच्या वरच्या फळीवर पार आत सारला.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच गेल्या. आतून उत्तर आलं, बाळ झोपलंय. बाळ झोपलेलं नव्हतं हे जिन्यालाही ऐकू येत होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही ते झोपलेलंच होतं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, कुणाकडे आलात, किती वेळ उभ्या आहात, बसायला काही देऊ का. मावशी पायरीवरच बसल्या. गाडी रस्त्यात बंद पडली म्हणून कंडक्टर उतारूंना सोडून घरी जात नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुपारी त्या शिंपिणीच्या दुकानात जायच्या. शिंपीण मशीन थांबवायची, उशी मांडीवर घ्यायची आणि आई व्हायची. मावशींनी दोन्ही हात मांडीखाली दाबून समोर बसायचं. शिंपीण होती छळवादी. "बाळाला उचकी लागली, मावशी. बाळ माती खातंय. आता बाळ पलंगाच्या अगदी काठावर आलं बरं का." उशी घसरली की मावशींचे हात सुटायचे आणि शिंपीण हसत हसत म्हणायची, "मेला नियम." मावशी पुन्हा हात मांडीखाली घालायच्या, म्हणायच्या, पाड परत. असं करता करता एका दुपारी उशी जमिनीवर पडली, तिथेच राहिली, आणि मावशी म्हणाल्या, "पडल्यावर तू आधी त्याच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे." शिंपिणीने उशी उचलली. मग म्हणाली, "काय हो कंडक्टर, तुम्हाला जमायला लागलं की." मावशींच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. त्यांनी बोटं झटकली आणि तशाच उठून ट्रकवाल्याच्या घराकडे निघाल्या.

या वेळी त्यांनी कडी वाजवली नाही. दाराला तोंड लावून म्हणाल्या, "मी बाळाला बघायला आले नाही. त्याला हात लावणार नाही. त्या दिवशी लावला ते चुकलं माझं."

आतली भांडी थांबली.

"मग कशाला आलात?"

"तुझ्याकडे आले."

पावलं दारापर्यंत आली. मग कडी निघाली.

आई भरवत होती. बाळ पहिला घास थुंकलं, दुसऱ्याला त्याने वाटीच उडवली. आई मावशींकडे बघत थांबली. मावशी हातांवर बसलेल्या.

"तुमची ती युक्ती करा ना."

"ती माझी आहे. मी गेल्यावर तुझ्या काय कामाची?"

"मग तुम्ही नुसत्या बसून राहणार?"

"हो."

आईला राग आला. इतक्या दिवसांत मावशींना तिचा दिसलेला हा पहिलाच जोर. फडक्याने जमीन पुसता पुसता ती बाळालाच सांगू लागली, "बघ रे, या मावशी आल्यात मदतीला. मदत काय, तर बसून राहायचं. मी पुसते, मी भरवते, आणि या बघतायत, सिनेमाला आल्यासारख्या." तिचा आवाज चढत गेला, हातातलं फडकं हवेत हलायला लागलं. बाळ रडायचं थांबलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलं.

मावशी म्हणाल्या, "तू बोलायला लागलीस तसा तो गप्प झाला. तुझ्या ओठांकडे बघतोय."

"उगीच काहीतरी."

"असेल उगीच. अजून बोलून बघ. मला हव्या तेवढ्या शिव्या दे."

बोलायला सुरुवात झाली ती अशी, मावशींच्या चहाड्यांनी. रोज थोडा वेळ मावशी येऊन बसत, आणि आई बाळाला त्यांची गाऱ्हाणी सांगे. यांचा चष्मा वाकडा आहे बघ. यांना चहासुद्धा आयता लागतो. बाळ तिच्या तोंडावर बोटं ठेवून ऐके. मावशींना जे दिसे तेवढंच त्या सांगत. आज तू उठलीस तेव्हा त्याची मान तुझ्यामागे वळली. आज त्याने तुझं बोट सोडलं नाही. आई ऐकून घेई, पण तिच्या डोळ्यांत काही उतरत नसे. ठरल्या रविवारचा आदला शनिवार आला तरी नणंदेला निरोप गेला नव्हता. बाळाचे कपडे धुऊन, घड्या घालून एका पिशवीत ठेवलेले मावशींनी येता येताच पाहिले.

त्या दिवशी काम बघायला सिस्टरही आल्या होत्या. त्या दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. आई बाळाला कडेवर घेऊन उभी होती. रविवारचं बोलणं निघालं, तशी ती म्हणाली, "तुम्ही सांगता तसं पाहतेय मी मावशी, तो बघतो माझ्याकडे. पण बघतो तर तो सगळ्यांकडेच. त्याला मीच हवी असं थोडंच आहे. वन्संकडे काय, तुमच्याकडे काय, कुठेही राहील."

एवढ्यात आत दूध चरचरलं. आईने इकडे तिकडे पाहिलं आणि सर्वांत जवळ ज्या होत्या त्यांच्या हातात बाळ दिलं. त्या मावशी होत्या.

मांडीखालचे हात निघाले खरे. पण त्यांनी बाळाला असं धरलं, जसं नोकरीच्या पहिल्या दिवशी पोरसवदा कंडक्टर पैशांची पिशवी धरतो. लांब, घट्ट, कोपर आखडून. बाळाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चष्मा ओळखीचा होता. त्याचा खालचा ओठ बाहेर आला, आणि ते वाट बघू लागलं. जिभेचा एकच आवाज पुरे होता. मावशींना तो टाळूपाशी आलेला जाणवला. त्यांनी दात घट्ट मिटले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली.

बाळ फुटलं. दोन्ही हात आतल्या खोलीकडे पसरून, कमरेतून उलटं वाकून ते रडायला लागलं. मावशींनी हूं की चूं केलं नाही. सिस्टर स्टुलावरून अर्धवट उठल्या, तशा मावशी नजरेनेच म्हणाल्या, बसा.

दूध तसंच टाकून आई धावत आली. हात ओले होते तसेच तिने बाळाला ओढून घेतलं. बाळाने तोंड तिच्या मानेत खुपसलं, एक हुंदका, दुसरा हुंदका, आणि शांत. आई तशीच उभी राहिली. हलली नाही. मग मावशींकडे बघून, अगदी दिलगिरीच्या सुरात, पण चेहऱ्यावरचं हसू काही केल्या आवरेना अशी म्हणाली, "रागावू नका हं मावशी. तुमच्याकडे राहत नाही हो तो."

"नाही राहत," मावशी म्हणाल्या.

आत दुधाचा करपट वास सुटला होता. उठून गॅस सिस्टरांनी बंद केला.

जिन्यात सिस्टर दोन पायऱ्या पुढे होत्या. त्या न वळताच म्हणाल्या, "बाळ हातात घ्यायचं नाही असं ठरलं होतं."

"तिने दिलं. दूध उतू जात होतं."

"हं." सिस्टर आणखी काही पायऱ्या उतरल्या. "तुमच्या हातात पोर रडलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं."

मावशी गुडघा धरून उतरत होत्या.

"वय झालं, सिस्टर."

रविवारी नणंद आली. कपडे भरलेली पिशवी तिला कुठे दिसली नाही. चहा घेतला, बाळाला आणलेलं खेळणं दिलं, डोळे पुसले आणि एकटीच परतली. हे सगळं मावशींना सोमवारी शिंपिणीकडून कळलं, कारण ट्रकवाल्याची बायको बाळाला कडेवर घेऊन तिच्या दुकानात आली होती, झबली शिवायला टाकायला, आणि तासभर बोलत बसली होती.

"आणि आणखी एक सांगत होती," शिंपीण दातांत दोरा धरून म्हणाली. "भेटेल त्याला सांगत सुटलीय म्हणे. तुमच्याकडे पोरं रडतात. नळावरसुद्धा तेच चाललं होतं सकाळी. मी म्हटलं, अहो, या बाईने आख्ख्या बसची पोरं गप्प केलीत. कुणी ऐकून घेईना. तुम्ही एकदा जाऊन दाखवून का देत नाही?"

मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आज त्यांना भेटीला जायला नवं घर मिळालं होतं, पलीकडच्या गल्लीतलं. जुळी मुलं होती आणि बाप एकटाच होता.

"रडतात की," त्या म्हणाल्या, आणि चपला घालून निघाल्या.