गम्बोच्या तळाशी बटाटा

रविवारी पहाटे उत्तरेचा वारा सुटला आणि नवाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये जो तो शेजाऱ्याला एकच विचारत होता, "कोंबडीचा की बदकाचा?" कसला, ते सांगावं लागत नाही. इथे चर्च पॉइंटला ऑक्टोबरातला पहिला गारठा म्हणजे बिनतारखेचा सण, आणि त्या दिवशी घराघरात गम्बो, म्हणजे भाजलेल्या पिठाचा मांसाहारी रस्सा. फादरनीसुद्धा प्रवचन आटोपतं घेतलं. त्यांच्या चुलीवरही काहीतरी उकळत असणार.

मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट ठरवायची होती. कोराच्या जन्मापासून घेतलेली माझी रजा संपली होती. सोमवारी सकाळी सातला सातवीच्या वर्गावर उभं राहायचं, नाहीतर मुख्याध्यापिकाबाईंना येत नाही म्हणून कळवून टाकायचं. जूड, माझा नवरा, समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. गावातलं एकुलतं एक पाळणाघर भरलेलं. सव्वा वर्षाच्या कोराला सांभाळायला उरल्या फक्त माझ्या सासूबाई. आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात, एप्रिलमधल्या एका रविवारी, कोराचे ओठ सुजले होते.

उकडलेल्या अंड्याचा एवढासा तुकडा, बटाट्याच्या सॅलडमधला. सासूबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या मॉमॉंनी, लाडाने भरवला. दहा मिनिटांत माझ्या मुलीचा चेहरा मला ओळखू येईना. हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर. जूड गाडी हाणत होता आणि मी मागच्या सीटवर तिचे श्वास मोजत होते. नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अंडं बंद, अंडं घातलेलं सगळं बंद, आणि हे इंजेक्शनचं पेन कायम जवळ ठेवा. मी ते शब्दन् शब्द मॉमॉंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि भांडी घासायला वळल्या. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. ते "बरं" मला सहा महिने बोचत होतं.

म्हणून ठरवलं होतं, आज नीट बघायचं. हे घर कोरासाठी चालेल की नाही, ते डोळ्यांनी बघून सोमवारचं ठरवायचं.

पहिलाच देखावा काही आशादायक नव्हता. मागच्या दाराशी अंड्यांचे सहा ट्रे एकावर एक रचलेले. मी कोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"एवढी अंडी, पॉपॉ?"

"माझी नाहीत ती," सासरे खुर्चीतून म्हणाले. "फादरची. आता सगळी अंडी फादरकडे जातात. कोंबड्या माझ्या, दाणे माझे, आणि आमलेट खातंय चर्च. का, तर म्हणे माझं कोलेस्टेरॉल. ऐंशी वर्षं झाली, आजवर कुठे होतं ते कोलेस्टेरॉल?"

"तुम्ही बोलू नका, बाहेरची लाकडं आत घ्या," मॉमॉ आतून म्हणाल्या.

आतमध्ये मोठ्या काळ्या पातेल्यात गम्बो रटरटत होता. तेलात पीठ परतत परतत थेट कॉफीच्या रंगावर नेलेलं, त्यात कोंबडी आणि धुरावलेलं सॉसेज. टेबलाच्या टोकाशी परँ नोलन बसलेले. हे मॉमॉंचे धाकटे भाऊ आणि जूडचे बाप्तिस्म्याचे धर्मपिता, इकडच्या भाषेत परँ. जूडचे परँ म्हणून आता सगळ्यांचेच परँ.

"आल्या का शहरातल्या बाई!" त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि बहिणीला हाक मारली. "वर्ली, भात काढ गं यांच्यासाठी. आणि चांदीचा चमचा आहे का घरात?"

मी न्यू ऑर्लिन्सची. माझ्या आईच्या गम्बोत भेंडी असते, खेकडा असतो, खाली भात असतो, आणि बटाट्याचं सॅलड असलंच तर ते दुसऱ्या बशीत, आपल्या जागी. पाच वर्षांपूर्वी या घरात पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा समोर वाफाळता वाडगा आला आणि त्याच्या मधोमध गार बटाट्याच्या सॅलडचा गोळा. मी म्हटलं, "अय्या, वाढताना पडला का हो?" ते वाक्य अजून या गावात फिरतंय. पेट्रोल पंपावरच्या माणसानेही मला ते ऐकवलंय.

"स्टीलचा चमचा चालेल, परँ," मी म्हटलं. "फक्त त्याला बटाटा लागलेला नको."

"का? बटाट्याने तुझं काय घोडं मारलंय?"

"बटाट्याने काही नाही. पण गरम गम्बोत गार सॅलड म्हणजे बूट घालून आंघोळ केल्यासारखं."

"आणि भात? भात काय, पडला की बुडाला. नाव नाही, निशाण नाही. बटाटा कसा बेटासारखा उभा राहतो. कडेकडेने खात जावं, मध्ये जरा थांबावं, विचार करावा."

"विचार करायचा असेल तर जेवण झाल्यावर करा."

"ऐका! ज्या गावात गम्बोत भेंडी घालतात ते आम्हाला शिकवणार. सगळं गाव नाकाने कांदे सोलणारं."

"टोमॅटोपण घालतात," जूडने शांतपणे आगीत तेल ओतलं.

"टोमॅटो!" परँनी छातीवर क्रूस काढला. "जूड, तुला लग्नाआधी माहीत होतं हे?"

"आमच्या आईच्या वेळी भातही असायचा आणि बटाटाही," पॉपॉ लाकडं टाकत म्हणाले. "भांडण नव्हतं तेव्हा. भूक होती."

खरं सांगायचं तर हे भांडण मला आवडतं. मी त्यात बरी आहे. या घरात मला जागा मिळाली ती या भांडणातच. पण त्या दिवशी मला एक गोष्ट थट्टेच्या बाहेर ठेवायची होती, म्हणून मी आवाज बदलून म्हटलं, "हे बघा, गंमत आपल्या जागी. कोराच्या वाडग्यात सॅलड अजिबात नको. वाढायचा चमचाही वेगळा. त्यात अंडं असतं."

परँनी टेबलावर थाप मारली. "बघा! आता पोरीलाही बिघडवायला लागली!"

एप्रिलमध्ये ते टेक्सासला लेकीकडे होते. त्यांनी तो चेहरा पाहिला नव्हता, आणि मॉमॉ त्यावर कधी बोलल्याच नव्हत्या. पाच वर्षं मी दर गम्बोला "सॅलड नको" म्हणत आले, तेव्हा आजचं "नको" त्यांना त्याच माळेतलं वाटलं. मी मॉमॉंकडे पाहिलं. त्या पातेलं ढवळत राहिल्या.

मग त्यांनी पिवळ्या मोठ्या वाडग्यातून सॅलड आणून मध्यभागी ठेवलं. वर नेहमीच्या अंड्याच्या चकत्या नव्हत्या, नुसतं लाल तिखट भुरभुरवलेलं. सजवायला वेळ झाला नसेल, मला वाटलं. परँनी बोटानेच चव घेतली आणि डोळे मिटले.

"याला म्हणतात सॅलड. आमच्या आईच्या हाताची चव. डोळे बांधून शंभरातून ओळखेन मी."

"हात धुऊन वाढायला घे," मॉमॉ म्हणाल्या. वाढण्याचा मान दरवेळी परँचा.

मी कोराला घेऊन मोरीवर गेले. तिचे हात धुतले, लाळेरं बांधलं. दोन मिनिटं, जास्त नाही. परत आले तेव्हा सगळं वाढून झालं होतं. मी तिला उंच खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, तिने लगेच आपला छोटा निळा वाडगा पुढे ओढला.

मला बघायची सवय आहे. आई झाल्यापासून जास्तच. जूडच्या वाडग्यात बेट होतं, पॉपॉंच्या होतं, परँच्या होतं, मॉमॉंच्या होतं. माझ्यात भात. म्हणजे बेटं चार. पण पिवळ्या वाडग्यातल्या सॅलडमध्ये चमच्याचे खळगे पाच होते.

मी परँकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच्या वाडग्याला अजून हात लावला नव्हता. ते कोराकडे बघत होते, ओठ दाबून, वर्गात खडू लपवलेल्या मुलासारखे.

मी चमचा कोराच्या वाडग्याच्या तळापर्यंत घातला आणि वर काढला. पिवळा बटाटा. आणि कोराच्या हनुवटीवरही पिवळंच काहीतरी.

"जूड, गाडी काढ," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. पिशवीतलं पेन माझ्या हातात केव्हा आलं ते कळलंच नाही. खुर्ची पडली, जूड उभा राहिला. परँच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे थिजलं.

"अगं, चमचाभरच... ती आवडीने खातेय, हे तुला दाखवायचं होतं फक्त..."

"नोएमी." मॉमॉंनी गॅस बंद केला. "थांब. त्यात अंडं नाही."

"मेयोनीज आहे ना!"

"त्यातही नाही."

त्यांनी वरचं कपाट उघडलं आणि एक बरणी माझ्यासमोर ठेवली. "वाच. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. वाच."

मी वाचलं. एका हातात पेन, एका हातात बरणी. छोट्या अक्षरातलं सगळं वाचलं, मोठ्याने. तेल, पाणी, व्हिनेगर, वाटाण्याचं काहीतरी. शेवटी ठळक अक्षरांत, अंडं नाही. मग परत पहिल्यापासून वाचलं. कोणी घाई केली नाही. जूड किल्ली हातात घेऊन दारात उभाच होता. मी कोराचे ओठ बघितले, मान बघितली, लाळेरं वर करून पोट बघितलं. काही नाही. तिने चमचा आपटला आणि आणखी मागायला तोंड उघडलं. मी थांबवलं. घड्याळ बघून पूर्ण वीस मिनिटं थांबवलं, आणि गम्बो सगळ्यांच्या पुढ्यात गार होत गेला.

"कधीपासून?" मी शेवटी विचारलं.

"ऑगस्टपासून. दर रविवारी." मॉमॉ कोराची हनुवटी पुसत होत्या. "पहिली बरणी लाफायेतहून आणली. पहिल्या खेपेला कुत्र्याने वास घेऊन तोंड फिरवलं. मग लोणच्याचं पाणी वाढवलं, मोहरीचा सॉस वाढवला, बटाटा जरा जास्त उकडला. सहाव्या रविवारी जमलं. अंडी घरात नकोतच म्हणून फादरकडे धाडायला लागले."

"म्हणजे माझं कोलेस्टेरॉल..." पॉपॉ सरळ बसले.

"तुमचं कोलेस्टेरॉल उत्तम आहे. खा."

मग पॉपॉ सावकाश परँकडे वळले. "काय रे नोलन? शंभरातून ओळखणार होतास ना? डोळे बांधून?"

परँचा चेहरा असा झाला, की एरवी मी तो चेहरा जपून ठेवला असता आणि वर्षभर वापरला असता. पण मला हसू येत नव्हतं.

"मॉमॉ, तुम्ही मला सांगितलं का नाही? सहा महिने मी..."

"एप्रिलनंतर सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं तुला?" त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "मी भरवला होता तो घास. तोंडाने काय सांगणार? तू सांगितलंस तेव्हा मी बरं म्हणाले होते. बरं म्हणाले म्हणजे करणार म्हणाले."

मी पेन टेबलावर ठेवलं. त्या मात्र भावाकडे वळल्या.

"आणि तू, नोलन. आज त्यात अंडं असतं तर? पोरीची आई नको म्हणाली, माझ्या घरात, माझ्यासमोर. तिला न विचारता पुन्हा त्या वाडग्याला हात लावलास, तर वाढण्याचा मान गेला. आणि गम्बोही गेला."

सत्तरीला आलेला तो धिप्पाड माणूस उठून माझ्यापाशी आला. "मला थट्टाच वाटली गं. आपली नेहमीची."

"थट्टा माझ्या वाडग्याची, परँ," मी म्हटलं. "हवी तेवढी करा. तिच्या वाडग्याची नाही."

"नाही करणार."

"नुसतं तेवढं नको. बसा इथे, हे कसं वापरायचं ते शिका."

मी सगळ्यांना पेन दाखवलं. टोपी काढायची, मांडीच्या बाहेरच्या बाजूला टेकवायचं, दाबून धरायचं, सोडायचं नाही, आणि लगेच हॉस्पिटल. "कपड्यावरूनही चालतं ना?" मॉमॉंनी विचारलं. चालतं. त्यांना माहीत होतं, माझ्या तोंडून ऐकायचं होतं. परँनी ते दोनदा करून दाखवलं, स्वतःच्या मांडीवर, टोपी न काढता. तिसऱ्यांदा चुकले. मी परत करायला लावलं.

गम्बो पुन्हा गरम झाला. कोराच्या वाडग्यात या वेळी सॅलड मी स्वतः घातलं, तळाशी नाही, वर, दिसेल असं. एक कबूल करते: गार बटाट्याने तिचा गम्बो पटकन निवला, मला फुंकर घालावी लागली नाही, आणि तिने वाडगा चाटूनपुसून साफ केला. परँनी हे सगळं पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. त्यांना केवढं जड गेलं असेल!

निघताना मॉमॉ दारापर्यंत आल्या. वारा चांगलाच बोचरा झाला होता. पॉपॉ अंड्यांचे ट्रे फादरकडे नेण्यासाठी गाडीत चढवत होते.

"उद्या साडेसहाला आणते तिला," मी म्हटलं.

"सहाला आण," त्या म्हणाल्या. "कॉफी घेऊन जा. रिकाम्या पोटी सातवीच्या पोरांपुढे उभं राहू नये."

मागून परँचा आवाज आला. इतका वेळ दाबून धरलेला.

"शहरातल्या बाई, आता तरी? पुढच्या रविवारी? एक छोटंसं बेट?"

"वाढा की, परँ," मी कोराची टोपी नीट करत म्हटलं. "वेगळ्या बशीत."