ध्रुपदाची वाटी

आत्याबाईंनी मला हुलग्याचं माडगं शिकवायला घेतलं, त्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर रोज एका पाटाएवढं लांबतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या यांनी टेप लावून मोजलं, तर मागची भिंत सत्तावीस फुटांवर गेलेली. "बिल्डरनं हे धरलंच नव्हतं," एवढं बोलून हे कामाला गेले.

वाढलेल्या जागेत रोज एक माणूस येऊन बसतं. सगळी बहात्तरच्या दुष्काळातली, आत्याबाईंच्या माहेरची. खडी फोडून पांढरे पडलेले हात मांडीवर ठेवून गप्प बसतात. जेवलेलं कुणी उठत नाही, म्हणून पंगत वाढतच जाते. पीठ मात्र एक मूठच.

"दोन मुठी घेऊ का?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"घे की. मग उद्या काय, तुझा मोबाईल शिजवायचा?"

माझा सगळा स्वयंपाक मोबाईलवर बघून शिकलेला. त्यात आधी जिन्नस मोजतात. आत्याबाई आधी पाणी ठेवतात. पीठ गार पाण्यात कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही. लसणाची पाकळी पातेल्याला आतून चोळायची आणि उद्यासाठी काढून ठेवायची. आज नववा दिवस. पाकळी तीच आहे.

"वाढताना तीनदा विचारायचं," त्यांनी सांगितलं. "तिसऱ्यांदा नको म्हणालं की पुढं सरकायचं."

"आणि भूक असली तर?"

"भूक सगळ्यांनाच आहे, बाई. म्हणून तर तीनदाच."

पाचव्या दिवशी टोकाच्या पाटावर सहा वर्षांची एक पोर दिसली. आत्याबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"ध्रुपदा. माझी धाकटी बहीण," त्या म्हणाल्या. "हिचं तिसरं नको मी खरं धरलं होतं."

तेव्हापासून त्यांनी तोंडात काही घातलेलं नाही. ध्रुपदा जेवल्याशिवाय आपण जेवणार नाही, म्हणतात. बांगड्या कोपराच्या वर चढतात आता. आणि नवीन येणारं माणूस नेमकं ध्रुपदाच्या अलीकडं बसतं, त्यामुळं ती रोज लांब जाते. मी तिथवर पोचते, पण तोवर पातेलं रिकामं झालेलं असतं.

"तुझा हात सढळ आहे," आत्याबाई आज ओट्याला टेकून म्हणाल्या. आवाज पिठासारखा कोरडा. "आज जरा माझ्यासारखी वाढ."

मी तशी वाढत निघाले. विचारलं, विचारलं, विचारलं, पुढं सरकले. एका म्हाताऱ्यानं दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा तोंड उघडलंच नाही, नुसता पातेल्याकडं बघत राहिला. मी त्याचं गप्प राहणं नको म्हणून धरलं. एका बाईनं पदराआडून लहानसं पोर पुढं केलं. मी त्याला विचारलंच नाही. टेपच्या सत्तावीस फुटांपेक्षा कितीतरी जास्त चालले. मागं वळून पाहिलं तेव्हा गॅस निळ्या टिकलीएवढा दिसत होता आणि आत्याबाई दिसत नव्हत्या.

ध्रुपदाच्या पुढ्यात आले तेव्हा पातेल्यात एक पळी माडगं होतं. पूर्ण एक पळी.

"वाढू?"

"नको."

"थोडंसं. ऊन आहे."

"नको."

मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. सरळ पळी भरली. तिनं झटकन वाटीवर तळहात ठेवला. हात एवढासा, पण वाटी पुरती झाकली गेली.

"ताई जेवली का?" तिनं विचारलं.

"केव्हाच," मी म्हणाले. "पोटभर जेवली. हात काढ बाळा."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं.

"खोटं," ती म्हणाली, आणि पहिल्या हातावर दुसरा हात ठेवला.