दाराखालचा गंज

हणमंतानं बॉनेटवर तळहात टेकला आणि लगेच उचलला. पत्रा कोमट होता.

गाडी शेडमध्ये उभी होती. उन्हाची तिरीपसुद्धा तिच्यापर्यंत पोचत नव्हती. रात्रभर अशी उभी राहिलेली गाडी सकाळी हाताला गार लागायला हवी.

"अक्का, आज गाडी चालू केली होती का?"

घराच्या दारात उभ्या असलेल्या ईरम्मानं पदर सारखा केला. "व्हय. मगाशी."

"कशापायी?"

"च्या ठेवते की," असं म्हणून ती आत गेली.

हणमंतानं मुलीकडे पाहिलं. धम्मप्रियाला त्या नजरेचा अर्थ माहीत होता. जुनी गाडी खपवणारी माणसं गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन तापवून ठेवतात. गार इंजिनाला आपली दुखणी लपवता येत नाहीत. ते खोकतं, थरथरतं, धूर ओकतं. एकदा तापलं की तेच इंजिन शहाण्यासारखं चालतं.

"लगेच नाही म्हणू नका, पप्पा," ती हळूच म्हणाली.

"मी कुटं काय म्हणालो?"

"तोंड सांगतंय की."

हणमंताची उभी हयात सोलापूरच्या सिटी बसच्या वर्कशॉपमध्ये गेली होती. निवृत्त झाल्यावर बुधवार पेठेतल्या कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तो आधी हणमंताच्या दारात येई. दुसऱ्यासाठी गाडी पारखताना त्याचा हात कधी अडखळला नव्हता. आज मात्र गाडी स्वतःच्या दारात यायची होती. धम्मप्रिया मैंदर्गीच्या दवाखान्यात नर्स होती. एखादी बाळंतीण अडली की तिला निघायला उशीर होई, तोवर शेवटची बस गेलेली असे, आणि मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून ती अक्कलकोट गाठी आणि तिथून सोलापूरची बस धरी. तिनं साठवलेल्या पैशात नवी गाडी येणार नव्हती. जुनी घ्यायची, तर त्या ओसाड रस्त्यावर दगा न देणारी हवी.

ही गाडी ईरम्माच्या नवऱ्याची, कल्लप्पाची. तो सोलापुरी चादरी घेऊन इंडी, आळंद, मैंदर्गी अशी सीमेलगतची गावं फिरायचा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. ईरम्मा आता मुलाकडे, मंजुनाथकडे, धारवाडला कायमची निघाली होती. भंगारात दे आणि मोकळी हो, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. भंगारवाल्याचा टेम्पो दुपारी यायचा होता. त्याच्या आत कुणी घेतली तर गाडी रस्त्यावर राहणार; नाहीतर संध्याकाळपर्यंत तिची चाकं एकीकडे आणि पत्रा एकीकडे झाला असता. भंगारवाला पंचवीस हजार देत होता. ईरम्मानं सत्तर सांगितले होते.

हणमंतानं बाह्या सारल्या. आधी तो गाडीभोवती नुसता फिरला. मग बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत गेला. ठोकर लागून पुट्टी भरलेल्या जागी पत्रा बद्द वाजतो. ही गाडी पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एकाच आवाजात बोलली. निळा रंग उन्हानं विटला होता, धुऊन धुऊन जुनेर झालेल्या लुगड्यासारखा. पण तो मूळचा रंग होता, वरून मारलेला नव्हता. दारांच्या बिजागऱ्यांना कुणी कधी पाना लावलेला दिसत नव्हता.

त्यानं बॉनेट उघडलं आणि तो थबकला. इतक्या वर्षांचं इंजिन, पण वायरी आत्ताच पुसून ठेवल्यासारख्या. एका ठिकाणी क्लिप तुटली होती. तिथं चादरीच्या काठाचा लाल दोरा बांधला होता. गाठ अशी नेटकी, की हणमंतानं तिच्यावरून उगाचच बोट फिरवलं. ऑइलची पट्टी ओढून त्यानं वास घेतला. जळका वास नव्हता.

"कोण बघायचं हिच्याकडं?"

"ह्येच बघायचे," चहाचे कप घेऊन आलेली ईरम्मा म्हणाली. "मेस्त्रीला हात लावू द्यायचे न्हाईत. मला कदी इचारलं न्हाई जेवलीस का म्हणून. हिचं पाणी मात्र रोज बघायचे."

धम्मप्रिया हसली. "मग भांडत नव्हता का तुम्ही, आज्जी?"

"सवतीशी भांडून कसं चालंल? कमावती होती की ती."

हणमंत आत बसला. चालवणाऱ्याची सीट एका माणसाच्या बसण्यानं खोल गेली होती, आणि शेजारची अशी कोरी, जणू तिच्यावर कुणी बसलंच नव्हतं. मागची सीट काढून तिथं चादरींचे गठ्ठे ठेवायची सोय केली होती. क्लचचं रबर झिजून झिजून पायाच्या आकाराचं झालं होतं. मीटरवरचा आकडा आणि ते रबर, दोघं एकच गोष्ट सांगत होते. त्यानं पायाखालचं जाजम उचलून पाहिलं. ओल नव्हती. किल्ली फिरवली, तर इंजिन असं सुरू झालं की डॅशबोर्डवर ठेवलेल्या कपातला चहासुद्धा हलला नाही.

अशी गाडी त्यानं आजवर पाहिली नव्हती, आणि म्हणूनच त्याचा विश्वास बसेना. तळहातावरचा तो कोमट स्पर्श काही जाईना. इतकं चांगलं कुठं असतं?

तो खाली उतरला, उकिडवा बसला आणि चालवणाऱ्याच्या दाराखालच्या पट्टीवर त्यानं बोट फिरवलं. चष्मा शर्टाच्या खिशातच होता. बोटाला खरखरीत लागलं. नखानं खरवडलं तर तपकिरी-तांबूस खपली सुटून आली. त्यानं किल्लीचं टोक लावलं. खपलीखाली खपली होती, थरावर थर.

"हं," तो म्हणाला.

तो हुंकार ऐकून धम्मप्रियानं कप खाली ठेवला.

हणमंत वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. तिथली पट्टी स्वच्छ होती. तो परत आला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"खालनं सडलीय, अक्का. ही दाराखालची पट्टी म्हंजी गाडीचं हाड. वरनं कितीबी गोमटी दिसू दे, हाडच खाल्लेलं आसंल तर काय उपेग? पासिंगला हितंच अडवत्यात. चाळीसच्या वर न्हाय. आनि खरं सांगू का, माझ्या पोरीला मी चाळीसलाबी घिऊन देणार न्हाय."

"गंज म्हणताव?"

"गंज."

ईरम्मा वाकून बघायला पुढं आली नाही. "ह्येंनी कदी तितं पाणी साचू दिलं न्हाई," एवढंच ती म्हणाली. मग तिनं रिकामे कप एकात एक घातले आणि फाटकाकडे पाहिलं. "मंग येऊ द्या टेम्पो."

धम्मप्रियानं गाडीचा दिवा, दार, आरसा असं सगळं एकदा पाहून घेतलं, घर रिकामं करताना पाहतात तसं.

हणमंताला चैन पडेना. पाणी लागतं ते दोन्हीकडे लागतं. मग गंज एकाच बाजूला कसा? शेडचा पत्रा तापायला लागला होता. कपाळावरचा घाम त्यानं बोटानं निपटला आणि पुन्हा त्या पट्टीकडे पाहत राहिला.

इतक्यात धम्मप्रियाला हसू फुटलं.

"पप्पा, कपाळाला काय लावलंय?"

"काय?"

"अहो, पहिल्यांदा बघतेय तुम्हाला असं! स्वतःच्या लग्नातसुद्धा लावलं नसेल."

हणमंत वाकून गाडीच्या आरशात पाहू लागला. कपाळावर आडवी लालभडक रेघ ओढली गेली होती. त्याच्या घरातून कुंकवाची डबी त्याच्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच गेली होती. आरशातला माणूस त्याला क्षणभर ओळखू आला नाही. त्यानं बोट डोळ्यांसमोर धरलं. कोरडं होतं तिथं तपकिरी, आणि घाम लागला होता तिथं लाल. गंजाचा असा रंग होत नाही.

"अक्का, हे काय हाय?"

ईरम्मानं तोंडावर पदर धरला होता. ती हसत होती की नाही, ते कळत नव्हतं.

"कुंकू की, अण्णा."

"हितं? दाराखाली?"

"महिन्यातले पंधरा दिस त्ये ह्यातच झोपायचे. मंग त्यांचं घर कुटलं? ह्येच की. घराचा उंबरा पुजते, तर ह्याचा का न्हाई?" ती थांबली. "त्ये निघाले की मी हितं कुंकवाचं बोट टेकवायची. पाय हितनं भाईर पडतोय, तर फिरून हितनंच घरात येऊ दे म्हणून. त्ये हसायचे मला. पन त्याच्यावर पाय कदी ठेवला न्हाई. वलांडून चढायचे."

"आणि आता?" धम्मप्रियानं विचारलं.

"आता मी कुटलं लावू, बाळ? तवापासनं वाळलंय ते." मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं. "तुमच्यात चालत न्हाई न्हवं? थांबा, पुसून देते."

कुणी काही म्हणायच्या आत तिनं तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं आणि ती पट्टीपाशी बसली. पहिल्यांदा नुसता चिखल निघाला. मग लाल पाणी. ते जमिनीवर ओघळलं, मातीत फाटे फुटत गेलं. सीमेकडची धूळ, गाडीचं तेल, उन्हाळे आणि एका बाईचं बोट, सगळं एकात एक मुरून दगडासारखं झालेलं थराथरानं सुटत होतं. ईरम्मा घाई करत नव्हती. लेकराचं तोंड पुसावं तशी ती पुसत होती.

मग खालून निळा रंग वर आला.

हणमंतानं चष्मा घातला. तो तिच्या शेजारी मातीतच बसला. पट्टीवर तळहाताएवढ्या जागेत निळं असं झळकत होतं, की आजूबाजूची सगळी गाडी एकदम राखाडी दिसायला लागली. त्या निळ्यावर ऊन कधी पडलंच नव्हतं. एक ओरखडा नव्हता. गाडी ज्या दिवशी दारात आली असेल, तो दिवस तेवढ्या जागेत तसाच राहिला होता. हणमंताला त्यात आपला चष्मा दिसला, आणि कपाळावरची लाल रेघ.

वर्कशॉपमध्ये त्यानं किती पत्रे कापले, जोडले, रंगवले, त्याला गणती नव्हती. पत्रा म्हटलं की त्याला झिजणं, सडणं, चिरणं एवढंच ठाऊक. त्यानं बोट पुढं केलं आणि रंगाला न लावताच मागं घेतलं.

ईरम्मानं पदराचं टोक पुन्हा तांब्यात बुडवलं.

"ऱ्हाऊ द्या, अक्का," तो म्हणाला. "सगळं पुसू नगा. बाकीचं ऱ्हाऊ द्या तसंच."

"तुमच्या घरात?"

"गाडीचं हाय ते. आमी कोण काढणारं?" मग त्याला सकाळपासून सलणारी गोष्ट आठवली. आता मात्र त्याचा आवाज खाली आला. "आनि सकाळी चालू का केली होती? खरं सांगा."

"सकाळी म्हंजी रोजच करते. त्येंच्या निघायच्या टायमाला. मला चालवाय कुटं येतंय? किल्ली फिरवायची, जरा वेळ बसायचं, बंद करायची." ती पदर पिळत उठली. "त्यो आवाज झाल्याबिगर च्या जात न्हाई घशाखाली. सवय, दुसरं काय."

हणमंतानं मान डोलावली. त्यानं पुन्हा एकदा टायर पाहिले, सायलेन्सरला कान दिला. गाडी आपल्याच दारात यायची असली तरी ते केल्याशिवाय त्याला राहवेना.

"चाळीस म्हणालाव की, अण्णा," ईरम्मा म्हणाली. "द्या चाळीस. टेम्पोत जाण्यापरीस बरी."

"चाळीस गंजाचं बोललो. गंजच न्हाय तर चाळीस कशाचं?" त्यानं बोटांवर हिशेब केला. "टायर बदलाय लागतील. सायलेन्सरबी आता जायला आलाय. सत्तरातनं तेवढं काढलं की बासष्ट. तुमच्यावर मेहेरबानी न्हाय, आनि माज्यावरबी न्हाय."

ईरम्मानं धम्मप्रियाकडे पाहिलं. "तुजा बाप लई कडक हाय ग."

"घरी या एकदा, मग कळेल," धम्मप्रिया म्हणाली.

कागदांचं मंजुनाथशी फोनवर बोलणं झालं. ईरम्मानं आरशाला बांधलेली रुद्राक्षाची माळ तेवढी सोडून घेतली. निघताना ती दारापाशी आली, सवयीनं वाकली आणि अर्ध्यात थांबली. बोट कोरडं होतं. मग तेच कोरडं बोट तिनं त्या निळ्यावर टेकवलं आणि ती बाजूला झाली. हणमंतानं चढताना पाय उचलला तो चांगला उंच, आणि पट्टी ओलांडून आत ठेवला. धम्मप्रियानं ते पाहिलं.

"लगीच पळवू नगा," खिडकीशी येऊन ईरम्मा म्हणाली. "सकाळी जरा वेळ नुसती चालू ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी धम्मप्रिया ड्यूटीला निघाली, तेव्हा हणमंत आधीच गल्लीत येऊन उभा होता. त्यानं बॉनेटवर तळहात टेकला. पत्रा विहिरीतल्या पाण्यासारखा गार होता. काल घ्यायची राहून गेलेली परीक्षा एवढी एकच होती.

"फिरव," तो म्हणाला.

धम्मप्रियानं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फेऱ्याला लागलं. खोकलं नाही, थरथरलं नाही. मागं धुराची रेघसुद्धा नाही. हणमंतानं हात बॉनेटवर तसाच राहू दिला. पत्र्याखालून ती लय तळहातात, मनगटात चढत गेली, आणि तो बाजारात हरवलेल्या माणसासारखा नुसता उभा राहिला.

"पप्पा, उशीर होतोय."

"थांब जरा."

त्यानं खिशातून मोबाईल काढला, एक नंबर लावला आणि काही न बोलता तो बॉनेटपाशी धरला. तसाच धरून ठेवला. मग हळूच कानाला लावला.

पलीकडून बशीत चहा ओतल्याचा आवाज आला.

"आज उशीर झाला की," ईरम्मा म्हणाली.